वकील-अशिलाचे जनान्तिक

संस्कृत नाटकात जनान्तिक नावाचा एक संकेत आहे. रंगमंचावर तीन-चार पात्रे उभी असताना त्यांपैकी दोघे हाताचा त्रिपताक आड धरून आपसांत बोलतात. शेजारच्या पात्राला ते ऐकू येत नाही, असे सर्वांनी धरून चालायचे असते. वर्गात हा संकेत समजावून सांगताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, की त्या तिसऱ्या पात्राने कान देऊन ऐकलेच तर? 'तसे झाले तर पुढचे नाटकच बदलेल' असे सांगून मी पुढे सरकत असे. अमेरिकेतील ज्यूडिथ कॉप्लन खटल्याचे निकाल वाचले तेव्हा मात्र हा प्रश्न इतक्या स्वस्तात सुटत नाही, हे ध्यानात आले. न्यायालयातही आरोपी आणि त्याचा वकील यांचे एक जनान्तिक चाललेले असते. सर्वांना ते दिसते आणि कोणीही ते ऐकू नये अशी अपेक्षा असते. सरकारने ते ऐकले, आरोपीला शिक्षा झाली आणि मागाहून हे उघडकीस आले, तर त्या शिक्षेचे काय करायचे? अमेरिकन न्यायालये गेली सत्तरहून अधिक वर्षे या प्रश्नाशी झगडत आहेत, आणि माझ्या मते त्यांनी आरंभी दिलेले उत्तर नंतर दिलेल्या उत्तरापेक्षा शहाणपणाचे होते.

कॉप्लनबाईंची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. ब्रुकलिनमध्ये वाढलेली, बर्नार्ड कॉलेजातून पदवी घेतलेली ही तरुणी वॉशिंग्टनमध्ये न्याय खात्यात नोकरीला होती. परकीय सरकारांच्या हस्तकांची नोंद ठेवणाऱ्या विभागात ती काम करीत असे, आणि त्यामुळे एफबीआयचे गोपनीय अहवाल तिच्या टेबलावरून जात. सोव्हिएत हेरखात्याच्या सांकेतिक तारा उलगडण्याचे एक अत्यंत गुप्त काम त्या काळी अमेरिकेत चालले होते. पुढे ते 'व्हेनोना' या नावाने प्रसिद्ध झाले. त्या तारांतून एफबीआयला तिचा संशय आला. खात्री करून घेण्यासाठी एक बनावट कागद मुद्दाम तिच्या वाटेत ठेवण्यात आला. 4 मार्च 1949 रोजी न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात काम करणाऱ्या व्हॅलेन्टिन गुबिचेव्ह या सोव्हिएत अभियंत्याबरोबर तिला पकडले, तेव्हा तिच्या पर्समध्ये सरकारी अहवालांतून उतरून घेतलेला मजकूर सापडला. वॉरंट मात्र कोणी काढले नव्हते.

तिच्यावर दोन खटले झाले. पहिला 1949 मध्ये वॉशिंग्टनला, कागदपत्रे चोरल्याबद्दल. दुसरा 1950 मध्ये न्यूयॉर्कला, गुबिचेव्हसह कट केल्याबद्दल. दोन्हीकडे ज्यूरीने तिला दोषी ठरवले. वॉशिंग्टनमध्ये चाळीस महिने ते दहा वर्षे आणि न्यूयॉर्कमध्ये पंधरा वर्षे, अशा शिक्षा झाल्या. गुबिचेव्हला देश सोडण्याच्या अटीवर मायदेशी धाडण्यात आले.

इथपर्यंत ही शीतयुद्धातली एक साधी हेरकथा आहे. तिला वेगळे वळण लागले ते न्यूयॉर्कच्या खटल्यापूर्वीच्या सुनावणीत. एफबीआयने तिचे दूरध्वनी चोरून ऐकले होते, हे तिथे बाहेर आले. घरचे ऐकले होते, कचेरीतले ऐकले होते, आणि अटक होऊन ती जामिनावर सुटल्यावरही ऐकले होते. आईशी झालेले बोलणे त्यात होते, आणि आर्चिबाल्ड पामर या तिच्या वकिलाशी झालेलेही होते. आपल्याला दूरध्वनी ऐकल्याचे काही ठाऊक नाही, असे पहिल्या खटल्यात शपथेवर सांगणाऱ्या अधिकाऱ्याकडे त्याच ऐकण्याचे अहवाल येत होते, हेही उघड झाले. दुसरा खटला तोंडावर आला आहे, सबब हे काम थांबवावे आणि नोंदी नष्ट कराव्यात, असा एक अंतर्गत आदेश नोव्हेंबर 1949 मध्ये निघाला होता. त्या आदेशावर, काम झाल्यावर हा कागदही नष्ट करावा, अशी सूचना होती. तो कागद तेवढा नष्ट व्हायचा राहिला, म्हणून आज आपल्याला हे सांगता येते. सरकारी कचेऱ्यांतल्या आळसाचे काही उपकारही असतात.

हे बेकायदा होते का? होते आणि नव्हते. 1928 च्या ओल्मस्टेड निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, घरात न शिरता तारेवरून ऐकणे ही राज्यघटनेच्या अर्थाने झडती नव्हे, असे ठरवले होते. ब्रँडाइस यांचे विरोधी मत त्याच निकालातले. पुढे 1934 च्या दळणवळण कायद्याने तारेवरचे संभाषण मधेच ऐकून ते उघड करण्यास मनाई केली, आणि 1937 व 1939 च्या नार्डोन निकालांनी असे संभाषण व त्यातून निघालेला पुरावा दोन्ही न्यायालयाबाहेर ठेवले. सरकारने यातून अशी पळवाट काढली, की ऐकायला हरकत नाही, फक्त न्यायालयात वापरायचे नाही. 1940 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हेरगिरीच्या संशयितांपुरती तशी गुप्त परवानगीही दिली. म्हणजे 1949 मध्ये एफबीआयचे कान कायद्याच्या एका फटीत लावलेले होते. पण वकिलाचे बोलणे ऐकणे या फटीतही बसत नव्हते, कारण तिथे प्रश्न पुराव्याचा उरत नाही. आरोपीला वकिलाचे साहाय्य मिळण्याचा हक्क घटनेच्या सहाव्या दुरुस्तीने दिला आहे, आणि ज्या वकिलाशी बोललेले सरकारला कळते त्या वकिलाचे साहाय्य ते कसले?

न्यूयॉर्कच्या अपिलाचा निकाल डिसेंबर 1950 मध्ये लर्नेड हँड यांनी लिहिला. इंग्रजी न्यायगद्याचा अभ्यास करणाऱ्याने तो जरूर वाचावा. मॅकार्थींचा गलका टिपेला पोचलेला, रोझेनबर्ग दांपत्य अटकेत, कोरियात युद्ध सुरू. अशा वेळी हँड लिहितात, की हिचा गुन्हा उघड आहे. त्यात 'बहुधा' नाही, 'सकृद्दर्शनी' नाही. आणि असे लिहून ते शिक्षा रद्द करतात. कारणे दोन: अटक वॉरंटाविना झाली, आणि दूरध्वनीच्या काही नोंदी देशाच्या सुरक्षेसाठी म्हणून न्यायाधीशांनी एकट्याने पाहिल्या, आरोपीला दाखवल्या नाहीत. गुपित इतके मोलाचे असेल तर सरकारने ते जपावे आणि खटला सोडावा; गुपितही ठेवायचे आणि शिक्षाही करायची, हे दोन्ही एकदम करता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. प्रत्येक सरकारला, मग ते लोकशाही असो की हुकूमशाही, आपण ज्याला पकडले तो गुन्हेगारच आहे असे वाटत असते आणि घटनेचे अडसर त्याला जाचतात. पण ते अडसर त्या जाचासाठीच घातलेले आहेत, असेही ते सांगतात. या ठिकाणी त्यांनी अर्क काढण्याच्या भांड्याची प्रतिमा वापरली आहे. सरकारचा हेतू लोकांच्या नजरेच्या त्या भांड्यातून गाळून निघाला पाहिजे, असे त्यांना म्हणायचे आहे. निकालपत्रात उपमा शोभत नाहीत असे मानणाऱ्यांनी ही एक अपवाद म्हणून ठेवावी.

तरीही माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल हँड यांचा नव्हे, तर वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जून 1951 मध्ये दिलेला आहे. तो गद्य म्हणून रुक्षच आहे. या न्यायालयाला अटकेत दोष दिसला नाही, पुराव्यातही दिसला नाही. मात्र खटल्याआधी आणि खटला चालू असताना आरोपी व तिचा वकील यांचे दूरध्वनी सरकारने ऐकले या आरोपाची चौकशी करा, आणि तो खरा ठरला तर नवा खटला चालवा, असा आदेश त्याने दिला. त्या ऐकण्याने तिच्या बचावाचे नेमके किती नुकसान झाले, हे मोजत बसायचे नाही. वकिलाचा हक्क इतका मूलभूत आहे, की तो मोडल्यावर हानीचा बारीक हिशेब न्यायालयाने करू नये, हे 1942 च्या ग्लासर निकालातील तत्त्व त्याने इथे लावले.

पुढे काय झाले? नवा खटला कधीच उभा राहिला नाही. तो उभा करायचा तर ऐकण्याच्या नोंदी आणि कदाचित व्हेनोनाचा सुगावाही उघड करावा लागला असता. आरोपपत्रे वर्षानुवर्षे तशीच लटकत राहिली आणि अखेर 1967 मध्ये मागे घेण्यात आली. तोवर कॉप्लनबाईंनी आपल्या वकिलांपैकीच एकाशी लग्न केले होते. ब्रुकलिनमध्ये संसार केला, मुले वाढवली. 1995 मध्ये व्हेनोनाच्या तारा प्रसिद्ध झाल्या आणि ती खरोखरच हेर होती, याविषयी अभ्यासकांत फारशी शंका उरली नाही. 2011 मध्ये ती वारली.

म्हणजे एक खरी हेर सुटली. यावर वाचकाचे मन अस्वस्थ होईल, आणि ते व्हावे. नियमाच्या बाजूने बोलणारा माणूस बहुधा एखादे निरपराध उदाहरण पुढे करतो. ते सोपे असते. मी मुद्दामच हे अवघड उदाहरण घेतले आहे. पण ती सुटली ती न्यायालयामुळे, असे म्हणणे मला अचूक वाटत नाही. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तिला सोडले नव्हते. नवा खटला, या वेळी कान न लावता, एवढेच मागितले होते. हँड यांनीही आरोपपत्र रद्द केले नव्हते. सरकारपुढे निवड होती, आणि सरकारने शिक्षेपेक्षा आपले गुपित अधिक मोलाचे मानले. ती निवड कदाचित बरोबरही असेल. पण ती सरकारची होती.

त्यानंतरचा काळ या तत्त्वाच्या घसरणीचा आहे, आणि त्या घसरणीत थर्गुड मार्शल हे नाव दोनदा येते. 1966 मध्ये ते सरकारचे सॉलिसिटर जनरल होते. फ्रेड ब्लॅक या वॉशिंग्टनमधल्या वजनदार मध्यस्थाला करबुडवेगिरीबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचारास नकार देऊन कायम ठेवली होती. अशा वेळी मार्शल यांनी आपण होऊन न्यायालयाला कळवले, की एफबीआयने ब्लॅक यांच्या हॉटेलातील खोल्यांत ध्वनिग्राहक बसवला होता आणि त्यात त्यांचे वकिलाशी झालेले बोलणेही टिपले गेले. जिंकलेला खटला सरकारी वकिलाने स्वतः उघडून दाखवण्याचा असा प्रसंग विरळाच. न्यायालयाने शिक्षा रद्द करून नवा खटला सांगितला.

अकरा वर्षांनी, 1977 मध्ये, मार्शल त्याच न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसले होते. वेदरफर्ड विरुद्ध बर्सी या दाव्यात दक्षिण कॅरोलायनातला एक पोलिसांचा गुप्त हस्तक सहआरोपी असल्याचे सोंग घेऊन आरोपी आणि वकील यांच्या बैठकीत बसला होता. आपले सोंग उघडे पडू नये म्हणून बसलो, ऐकलेले कोणाला सांगितले नाही, असे त्याचे म्हणणे. बहुमताने ते मान्य केले: फिर्यादी पक्षाकडे काही पोचले नाही, बैठकीतून पुरावा निघाला नाही, घुसण्याचा हेतू नव्हता, तेव्हा हक्काचा भंगही नाही. मार्शल यांनी ब्रेनन यांच्यासह विरोधी मत दिले. ऐकणारा 'मी सांगितले नाही' म्हणाला, तर आरोपीने ते खोडून काढायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही अनुत्तरित आहे. 1981 च्या मॉरिसन निकालाने त्यावर आणखी एक थर चढवला: सरकारने मुद्दाम ढवळाढवळ केली तरी, नुकसान दिसत नसेल तर खटला मोडीत काढता येणार नाही.

इथे मला माझा मुद्दा मांडायचा आहे. 'नुकसान काय झाले ते दाखवा' ही मागणी ऐकायला वाजवी वाटते. शेजाऱ्याची गाय शेतात शिरली तर किती पीक खाल्ले हे विचारणे योग्यच आहे, कारण शेत दोघांनाही दिसते. चोरून ऐकण्यात मात्र शेत ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते. सरकारी वकिलाने साक्षीदारांचा क्रम का बदलला, अमुक प्रश्न उलटतपासणीत आधीच का विचारला, तडजोडीची बोलणी मधेच का थांबवली, या प्रत्येक गोष्टीला दहा निर्दोष कारणे सांगता येतात, आणि अकरावे फक्त त्यालाच ठाऊक असते. नुकसानीचा पुरावा नुकसान करणाऱ्याच्या टेबलाच्या कप्प्यात, आणि तो काढून आणण्याची जबाबदारी तुरुंगातल्या माणसावर, अशी ही व्यवस्था झाली. शिवाय एक नुकसान असे असते, की ज्याचा पुरावाच संभवत नाही. आपले ऐकले जाते आहे हा संशय आला, की आरोपी वकिलाला खरे सांगत नाही. न बोललेल्या वाक्याची ध्वनिफीत कोण हजर करणार?

डिसेंबर 2005 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे वॉरंटाविना चाललेले ऐकणे उघड केले, तेव्हा दहशतवादाच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांच्या वकिलांनी न्यायालयांत धाव घेतली. व्हर्जिनियातील अली अल-तिमिमी यांचे अपील एप्रिल 2006 मध्ये याच मुद्द्यावर खालच्या न्यायालयाकडे परत पाठवण्यात आले. अशा प्रकरणांत तर आणखी एक पायरी मागे जावे लागते. नुकसान बाजूलाच राहिले, मुळात ऐकले गेले हेच सिद्ध करावे लागते. 2013 च्या फेब्रुवारीत क्लॅपर विरुद्ध अॅम्नेस्टी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की आपले परदेशी अशिलांशी होणारे बोलणे ऐकले जाईल ही वकिलांची भीती केवळ अंदाजावर आधारलेली आहे, सबब त्यांना दावा लावण्याचा अधिकारच नाही. त्यानंतर चार महिन्यांनी स्नोडेन यांनी आणलेली कागदपत्रे छापून आली. न्यायालयाचा निकाल काही त्यामुळे बदलला नाही.

कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थचे प्रकरण तर हेरगिरीचेही नव्हे, दहशतवादाचेही नव्हे. तिथल्या खाजगी कंपनीने चालवलेल्या कच्च्या कैदेत कैदी आणि वकील यांचे दूरध्वनी ध्वनिमुद्रित होत आणि भेटीच्या खोल्यांत आवाजाविना चित्रीकरण होई, हे 2016 मध्ये उघड झाले. त्यांतले काही सरकारी वकिलांच्या हाती गेले होते. शंभराहून अधिक कैद्यांनी आपल्या शिक्षांना आव्हान दिले. न्यायाधीश ज्यूली रॉबिन्सन यांनी ऑगस्ट 2019 मध्ये सरकारी वकिलांच्या कचेरीवर कडक ताशेरे ओढले, न्यायालयाच्या अवमानाचा ठपकाही ठेवला. कैद्यांच्या हाती त्या वेळी एक भक्कम आधार होता: दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचा 1995 चा शिलिंजर निकाल. सरकारी वकील कायदेशीर कारणाविना, जाणूनबुजून हे जनान्तिक ऐकत असेल तर नुकसान झाले असे गृहीत धरावे, असे त्यात म्हटले होते. डिसेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हॉन खटल्यात हा आधार काढून घेतला. आता जाणूनबुजून ऐकले तरी नुकसान कैद्यानेच दाखवायचे.

पीठाचे म्हणणे वेडगळ नाही, हे मान्य केले पाहिजे. एका सहा मिनिटांच्या संभाषणासाठी, ज्यात खटल्याला उपयोगी असे काहीच नसेल, एखाद्या पक्क्या गुन्हेगाराची शिक्षा उलटवावी का? दोषी वकिलावर शिस्तभंगाची कारवाई करावी, शिक्षा राहू द्यावी, हा मार्ग समंजस दिसतो. पण मग मधला मार्ग का नको? गृहीतक कैद्याच्या बाजूने ठेवावे आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी सरकारवर टाकावी. ज्याने ऐकले त्याने शपथेवर सांगावे, की काय ऐकले, कोणाला सांगितले, कागद कुठे आहेत. आणि उलटतपासणीला सामोरे जावे. कप्प्याची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानेच कप्पा उघडावा.

हे सगळे वाचताना मला आपल्याकडचा एक निकाल सारखा आठवत होता, तो आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर. त्यांनी एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचे दूरध्वनीवरचे संभाषण लाचलुचपतविरोधी पोलिसांनी त्या डॉक्टरच्या संमतीने टेपवर घेतले होते. त्यात वकील-अशिलाचा प्रश्न नव्हता, हे खरे. पण 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरताना जे कारण दिले ते लक्षात राहण्यासारखे आहे. दूरध्वनीवरील बोलण्याला न्यायालयाचे संरक्षण आहे ते निरपराध नागरिकासाठी, अपराध्याला पोलिसांपासून वाचवण्यासाठी नव्हे, असे त्यात म्हटले आहे. हँड यांच्या निकालाशेजारी हे ठेवून पाहावे. तिथे, गुन्हा उघड आहे आणि तरीही शिक्षा रद्द. इथे, गुन्हा उघड आहे म्हणूनच संरक्षण नाही. पण अपराधी कोण हे ठरायचे असते खटल्याच्या शेवटी, आणि ऐकणे घडते खटल्याच्या आधी. शेवट पाहून आरंभाला माफी देण्याची ही रीत नुकसानीच्या त्या मागणीचीच बहीण शोभते.

आपल्याकडे वारे अगदीच एका दिशेने वाहत आहेत असे नाही. 1996 च्या पीयूसीएल निकालाने दूरध्वनी ऐकण्यावर काही बंधने घातली. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात बेकायदा आदेशांनी ऐकलेल्या संभाषणांच्या नोंदी नष्ट करायला सांगितल्या. वकिलाने अशिलाचे बोलणे उघड करू नये हा जुन्या पुरावा कायद्याच्या 126 व्या कलमातला नियम 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 132 वे कलम होऊन कायम राहिला आहे. पण ते कलम वकिलाच्या तोंडाला कुलूप घालते. भिंतीच्या कानाविषयी ते काही बोलत नाही. त्याच 2019 सालच्या ऑक्टोबरअखेर व्हॉट्सॲपने ज्या भारतीयांना त्यांच्या फोनवर पेगॅससचा हल्ला झाल्याचे कळवले, त्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपीचे काम पाहणारे नागपूरचे एक वकील होते. हल्ला कोणी केला हे त्या संदेशात नव्हते.